प्लेअर रेटिंग मॉडेल अपडेट: सेंटर बॅक यादीतून बाहेर काढलेत

मंडळी, फुटबॉल प्लेअर्सना आकड्यांत रेटिंग देणारं माझं मॉडेल आता अशा जागी आलंय की त्यातून निघणाऱ्या आकड्यांवर नीट भांडता येईल, म्हणून हा अपडेट. सध्याची स्थिती अशी की डेटा स्टॅट्सबॉम्ब कंपनीचा फुकटवाला (मॅचमधल्या पास, शॉट, टॅकल अशा इव्हेंट्सची नोंद), एक्सटी आणि व्हीएईपी या रेटिंगच्या दोन पद्धती, त्यातलं एक्सटी चालतंय, व्हीएईपी सॉकरअॅक्शन लायब्ररी लावून चालतंय, आणि सगळं एकत्र करून प्रत्येकाला एकच आकडा द्यायचा हा जो मूळ प्लॅन होता तो रद्द केलाय. का ते ओघात येईलच.

आधी डेटाचं, कारण नवीन लोक इथेच अडकतात. सुरुवात जर्मन लीगमधल्या लेव्हरकुसेनच्या 2023-24 सीझनपासून केली, तोच झाबी अलोन्सोचा, 34 पैकी 28 जिंकल्या, 6 ड्रॉ, हार एकही नाही. डेटा झकास आहे, 360 फ्रेम्सपण (इव्हेंटच्या क्षणी कॅमेऱ्यातले प्लेअर कुठे उभे होते ते) मिळतात, पण मॅचेस फक्त लेव्हरकुसेनच्या. म्हणजे लीगमधली बाकी प्रत्येक टीम दोनदाच दिसते आणि तेही बहुतेक वेळा मार खाताना. त्यावर रेटिंग काढलं की झाका, विर्त्झ, ग्रिमाल्डो, फ्रिम्पॉन्ग सगळेच देव, आणि समोरचे सगळे गल्लीतले. यातलं प्लेअरचं किती आणि टीमचं किती हे तेवढ्या डेटातून वेगळं करताच येत नाही, कितीही भारी मॉडेल लावा. म्हणून 2015-16 ची प्रीमियर लीग घेतली, तिच्या पूर्ण 380 मॅचेस ओपन आहेत. लेस्टरचं वर्ष, म्हणजे टेस्ट करायला याहून चांगला सीझन नाही, कारण बॉल कमी वेळ जवळ ठेवून टायटल जिंकणारी टीम कुठल्याही रेटिंगची परीक्षाच घेते.

एक्सटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पिचचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातून शॉट मारायची शक्यता किती, गोल व्हायची किती, आणि बॉल तिथून पुढे कुठल्या चौकोनात जातो ते मोजायचं, मग प्रत्येक चौकोनाला एक किंमत मिळते. पासने किंवा ड्रिबलने बॉल कमी किमतीच्या जागेतून जास्त किमतीच्या जागेत नेला की फरक त्या प्लेअरच्या खात्यात. करुण सिंगने ही पद्धत लोकप्रिय केली आणि सोपी आहे म्हणून आपल्यासारख्या हौशी लोकांना परवडते. रन केलं तर आर्सेनलचा ओझिल वर, त्यात नवल नाही, त्या सीझनला त्याचे 19 असिस्ट होते. आणि लेस्टरचा स्ट्रायकर वार्डी? खाली. पार खाली. 24 गोल मारलेला माणूस, पण एक्सटीला शॉट दिसतच नाही, बॉल पुढे सरकवणं तेवढं दिसतं, आणि वार्डी बॉल सरकवत नाही, तो बॉल जिथे येणार तिथे आधीच पळालेला असतो. पासचं सगळं श्रेय पास देणाऱ्याला, ज्याच्या पळण्यामुळे तो पास शक्य झाला त्याला शून्य. नाटकात फक्त संवाद मोजून नटांना मार्क दिल्यासारखं आहे हे.

व्हीएईपी यापेक्षा शहाणं आहे, ल्यूव्हनच्या युनिव्हर्सिटीवाल्यांचं, ते प्रत्येक अॅक्शननंतर पुढच्या 10 अॅक्शन्समधे गोल व्हायची आणि खायची शक्यता किती बदलली ते बघतं, शॉटपण धरतं, चुकलेल्या पासचा दंडपण लावतं. वार्डी लगेच वर आला. पण मूळ रोग तोच, बॉलला पाय लागला तरच तुम्ही अस्तित्वात.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण हालांडचं. ऑगस्ट 2022, मँचेस्टर सिटी विरुद्ध बोर्नमथ, 4-0. हालांड 74 मिनिटं खेळला आणि टच फक्त 8. त्या आठात एक असिस्ट, गुंडोअनच्या गोलला. आता सांगा याला रेटिंग काय द्यायचं? टच मोजणारं मॉडेल म्हणेल गायब होता, असिस्ट मोजणारं म्हणेल बरा होता, आणि बोर्नमथचे सेंटर बॅक (बचावफळीतले मधले प्लेअर) दुपारभर कोणाला चिकटून होते, त्यामुळे बाकीच्यांना किती जागा मिळाली, ते कुठल्याच कॉलममधे नाही.

मॅचनंतर अॅपवर जे 7.3 आणि 6.9 दिसतं त्याबद्दल त्यामुळे माझं मत पक्कं झालंय. हूस्कोअर्ड साइटचं उघड आहे, प्रत्येकजण 6.0 ने सुरू होतो आणि ऑप्टा या डेटा कंपनीच्या इव्हेंट्सप्रमाणे वर खाली होतो. त्यात वाईट काही नाही पण ही मॅचमधे काय घडलं त्याची पावती आहे, कोण किती चांगला आहे याचं उत्तर नाही. गोल मारला की आकडा उडतो, मग बाकीची 89 मिनिटं झोप काढली असेल तरी. एका मॅचच्या रेटिंगमधल्या दशांशावर वाद घालणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

आता मुख्य गोष्ट, सेंटर बॅक.

31 मार्च 2019, अॅनफिल्ड, लिव्हरपूल स्पर्स 1-1, शेवटची काही मिनिटं, सिसोको आणि सोन दोघं सुटलेत आणि समोर लिव्हरपूलचा सेंटर बॅक व्हॅन डाईक एकटा. हा पठ्ठ्या टॅकल करतच नाही. मागे मागे सरकत सोनकडे जाणारा पास बंद ठेवतो, सिसोकोला स्वतःच शॉट घ्यायला लावतो तोपण डाव्या पायाने, आणि बॉल बारवरून जातो. थोड्या वेळाने स्पर्सचा ओन गोल आणि लिव्हरपूल 2-1. सीझनमधल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्रसंगांपैकी एक, आणि इव्हेंट डेटात काय? सिसोकोचा शॉट, ऑफ टार्गेट. व्हॅन डाईकच्या नावावर टॅकल नाही, इंटरसेप्शन नाही, फार तर एक प्रेशर. उलट तो अंगावर धावून गेला असता आणि नशिबाने बॉल लागला असता तर मॉडेलने कौतुक केलं असतं. प्लेअर्सनी त्या वर्षी त्यालाच प्लेअर ऑफ द इयर निवडलं, म्हणजे मैदानावरच्या लोकांना दिसत होतं.

माझ्या यादीत 2015-16 च्या सेंटर बॅकमधे वर कोण येतात तर ज्यांच्या टीमवर सतत हल्ले होतात ते, कारण क्लिअरन्सचा ढीग. पझेशन अॅडजस्ट केलं, म्हणजे समोरच्याकडे बॉल किती वेळ होता त्याने भागलं, तर यादी पलटते पण शहाणी होत नाही, नुसती वेगळी येते. प्लस मायनस लावून बघितलं, म्हणजे हा मैदानात असताना टीमचा गोलफरक काय आणि नसताना काय. तिथे वेगळीच गंमत, लेस्टरचा वेस मॉर्गन लीगमधलं प्रत्येक मिनिट खेळला, मग "नसताना" आणायचं कुठून? शिवाय त्या सीझनला मॅचमागे सरासरी 2.7 गोल, तेव्हा सब्ज तीनच, तेच अकराजण एकत्र खेळणार, एवढ्याशा गोलांतून एकेकाचा वाटा काढणं म्हणजे अंदाजपंचे. म्हणून सेंटर बॅकना रँकिंगमधून सरळ काढलंय. त्यांचे एरियल आणि पासिंगचे कॉलम वेगळे ठेवलेत, एकूण आकडा नाही.

डिफेन्सचं सगळंच फोल आहे असं मात्र नाही हां. लेस्टरचा मिडफिल्डर कांते बघा. त्या सीझनला लीगमधे टॅकल्समधेही पहिला आणि इंटरसेप्शन्समधेही पहिला. माझी पहिली शंका हीच की लेस्टरकडे बॉल नसायचा म्हणून. अॅडजस्ट केल्यावर थोडा खाली आला पण मिडफिल्डर्समधे वरच राहिला. आणि खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली, चेल्सीत गेला, बॉल ठेवणारी टीम, वेगळा कोच, तरी लगेच टायटल आणि प्लेअर ऑफ द इयर. बॉल हिसकावणं हेच ज्याचं काम आहे त्याचं काम नोंदीत उतरतं, जागा बंद ठेवणं ज्याचं काम आहे त्याचं उतरत नाही. माझा रेटिंगवरचा भरवसा आता पोझिशनप्रमाणे बदलतो तो यामुळेच, विंगर, फुलबॅक, प्लेमेकर यांच्यावर बऱ्यापैकी, स्ट्रायकरच्या शॉट्सवर चांगला, सेंटर बॅकवर जवळजवळ नाही.

स्ट्रायकरमधेपण एक फाटा आहे. किती शॉट्स घेतो आणि कुठून घेतो हे एका सीझनवरून दुसऱ्याला बऱ्यापैकी टिकतं. गोल वजा एक्सजी (त्या शॉट्समधून अपेक्षित असलेले गोल), म्हणजे फिनिशिंग, हे बहुतेकांचं टिकत नाही, मेस्सी, केन, सोन असे मोजके सोडून. तेव्हा कोणी एक्सजीपेक्षा बरेच जास्त गोल मारले की "क्लिनिकल" म्हणून नाचायच्या आधी पुढचा सीझन येऊ द्या. आणि पेनल्टी बाहेर काढा बाबांनो, एका पेनल्टीचा एक्सजी साधारण 0.78, तीन चार पेनल्टींनी सामान्य स्ट्रायकरची यादी बिघडते.

लीग बदलली की काय होतं हे मी अजून मॉडेलमधे घातलेलं नाही, पण ज्यांना घाई आहे त्यांनी दोन नावं आठवावीत. अफोन्सो आल्व्हेस, हिरेनवेनकडून डच लीगमधे 2006-07 ला 34 गोल, जानेवारी 2008 ला मिडल्सबरोत आला आणि फसला. सुआरेझ, आयाक्सकडून 2009-10 ला 35 गोल, जानेवारी 2011 ला लिव्हरपूल, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गोलांचा आकडा जवळजवळ सारखाच. ब्रेन्टफर्ड, ब्रायटनसारखे डेटावाले क्लबसुद्धा मॉडेलने यादी छोटी करतात आणि मग माणसं बसून व्हिडिओ बघतात, रँकिंगमधला पहिला उचलून सही करत नाहीत.

टेक्निकल बाजूला एवढंच केलं की प्रत्येक रेटिंगला आता रेंज लावलीय, मॅचेस पुन्हा पुन्हा रँडम उचलून, बूटस्ट्रॅप. वरचे काही आणि खालचे काही सुटे दिसतात, मधली सगळी जनता एकमेकांवर चढलेली, तिथे विसावा की चाळिसावा याला काही अर्थ उरत नाही. कमी मिनिटंवाल्यांना सरासरीकडे ओढलंय, नाहीतर दोन मॅचमधे सब म्हणून आलेला पोरगा पर 90 मधे, म्हणजे दर 90 मिनिटांच्या हिशोबात, पहिला यायचा.

पुढचं काम लेव्हरकुसेनच्या 360 फ्रेम्सचं. व्हॅन डाईकने केलं तसं, पासची वाट अडवून उभं राहणं, हे कुठेतरी सापडलं तर तिथेच सापडेल. अडचण अशी की फ्रेम फक्त इव्हेंटच्या क्षणाची असते, कॅमेऱ्यात जेवढे येतात तेवढेच प्लेअर असतात, आणि बॉलवाला सोडला तर बाकी ठिपक्यांना नावंच नाहीत, आपला की समोरचा आणि कीपर आहे का एवढंच कळतं. म्हणजे वाट अडवणारा ठिपका लेव्हरकुसेनच्या सेंटर बॅकपैकी टाह आहे की टॅप्सोबा हे जागेवरून आणि आधीच्या नंतरच्या इव्हेंट्सवरून ओळखायचं. सध्या सेट पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) सोडून फक्त स्थिर बॅक लाइनवाले क्षण घेऊन नावं चिकटवतोय, कोणी हे आधी केलं असेल तर कॉर्नरनंतर जागा बदललेल्या डिफेंडर्सचं काय केलंत तेवढं सांगा.