बार्नॅकच्या खड्ड्यांत फुललेला जांभळा एप्रिल

पहिलं फूल सापडायला आम्हाला चांगली दहा मिनिटं लागली. चूक नजरेची होती. आम्ही झुडपं शोधत होतो आणि पास्क फ्लॉवर वीतभरही उंच नसतं. एक दिसलं, मग तो सगळा उतारच जांभळा दिसू लागला. पिवळाधमक गाभा, पाकळ्यांच्या पाठीवर चंदेरी लव. ‘पास्क’ म्हणजे ईस्टर; हे फूल त्याच सुमारास फुलतं, म्हणून एप्रिलमध्येच जा.

इंग्लंडमधल्या बार्नॅक गावालगतचं ‘हिल्स अँड होल्स’ हे जेमतेम 23 हेक्टरांचं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. मूळची ही चुनखडीची खाण. रोमन काळापासून इथून दगड निघायचा, 1500 च्या सुमारास चांगला दगड संपला. टाकाऊ कपच्यांचे ढीग तसेच पडून राहिले, त्यांवर गवत चढलं आणि ही टेकाडं तयार झाली. आदल्या दिवशी आम्ही पीटरबरोचं कॅथेड्रल पाहिलं होतं, ते याच दगडाचं. तुम्हीही आधी तेच पाहा. खड्ड्यात उतरलं की त्या भिंती आठवतात. रॅम्झीच्या मठातले साधू या दगडापायी पीटरबरोच्या मठाला दरवर्षी 4,000 वाम मासे देत असत. तेव्हा या दगडाला एवढं मोल होतं!

इथली माती पातळ आणि निकस आहे, म्हणूनच ही फुलं टिकली. जमीन कसदार झाली तर उंच गवत माजून त्यांना झाकून टाकेल. तसं होऊ नये म्हणून इथे मेंढ्या चारतात. कुत्रा सोबत असेल तर त्याची विष्ठा उचलून न्याच, तेही खतच आहे.

जवळचं रेल्वे स्टेशन स्टॅमफर्ड, तिथून सुमारे पाच किलोमीटर. आम्ही टॅक्सी केली. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, आत दुकान नाही. चढउतार छोटे पण सतत आहेत आणि पावसानंतर घसरतं, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. ऑर्किडं पाहायची असतील तर जून गाठा. मॅन ऑर्किडचं एकेक फूल टोपी घातलेल्या इवल्या माणसासारखं दिसतं.

फोटोसाठी गुडघा टेकण्याआधी खाली नीट बघा. मी टेकणार तोच नवऱ्याने दंड धरून मागे ओढलं. गुडघ्याखाली लवेत गुंडाळलेल्या तीन कळ्या होत्या.