कॅसेट जिथे संपायची

मामा मर्चंट नेव्हीत होता. सुट्टीवर रत्नागिरीला आला की त्याच्या बॅगेतून साबण, चॉकलेटं आणि कॅसेट निघायच्या. चॉकलेटं ताई आणि मी वाटून घ्यायचो, कॅसेट मात्र मी पळवायचे. त्यातली एक नव्वद मिनिटांची कॅसेट आजही माझ्याकडे आहे. आतल्या कार्डावर मामाच्या तिरक्या अक्षरात एवढंच लिहिलंय: ‘ग्रोव्हर वॉशिंग्टन, सॅक्सोफोन’. तिच्या ‘बी’ बाजूच्या अगदी शेवटी एक संथ धून होती. सॅक्सोफोनवाला एकेक सूर असा लावायचा की देवळातली पहाटेची सनई आठवावी. धून ऐन रंगात आली की टेप संपायची आणि खटकन बटण वर यायचं. पुढे काय होतं, ते मला कधी कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी ताईचा मुलगा अमेरिकेहून आला होता. मी कॅसेट लावली होती. तो ताडकन उठून बसला. “मावशी, हे तर कान्ये वेस्ट या रॅपरच्या गाण्यातलं आहे! ड्राइव्ह स्लो!” त्याने फोन स्पीकरला लावला आणि नाव समोर आलं: हँक क्रॉफर्ड, ‘वाइल्डफ्लॉवर’, १९७३. ग्रोव्हर नव्हताच तो! इतकी वर्षं मी एकाचं श्रेय दुसऱ्याला देत होते. मला फार वाईट वाटलं आणि तेव्हाच ठरवलं, कधी ताईकडे गेले तर या माणसाचा माग काढायचा.

यंदाच्या ऑक्टोबरात तो योग आला.

ताई न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. शेजारीपाजारी एवढे मराठी की सकाळी फिरायला निघाल्यावर पहिली हाक ‘अहो काकू’ अशीच येते. तिथून न्यू जर्सी टर्नपाइकने उत्तरेला तासभर गेलं की जॉर्ज वॉशिंग्टन पूल येतो. पुलाच्या अलीकडेच हडसन नदीच्या कड्यावर एंगलवूड क्लिफ्स हे गाव आहे. भाच्याने गाडी सिल्व्हन अव्हेन्यूवर घेतली. दोन्ही बाजूंना ऑफिसांच्या इमारती, पेट्रोलपंप, आणि मध्येच झाडांचा एक दाट पुंजका. त्या झाडांआड रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाचा स्टुडिओ आहे.

रूडी पेशाने डोळे तपासणारा. हॅकेन्सॅकमध्ये आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यातच तो रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये त्याने इथे स्वतःची वास्तू उभारली. लाकडाच्या कमानी आणि तब्बल ३९ फूट उंच छत. बाहेरून चर्च वाटावं अशी, असं ज्यांनी पाहिलंय ते सगळेच म्हणतात. यंत्रांना हात लावताना तो हातमोजे घालायचा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६४ च्या डिसेंबरात इथेच ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित केलं, म्हणून जॅझची माणसं या जागेकडे तीर्थासारखं बघतात. मी मात्र दुसऱ्याच एका दिवसासाठी आले होते. तो होता १९७१ च्या सप्टेंबरातला.

निर्माता क्रीड टेलर. त्याने कुडू नावाचं रेकॉर्डचं नवीन लेबल काढलं होतं. बेत असा, की त्या काळची सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावपूर्ण, गाणी घ्यायची, त्यांना मोठा वाद्यवृंद द्यायचा आणि पुढे एकट्या ऑल्टो सॅक्सोफोनला गाऊ द्यायचं. संयोजन बॉब जेम्सचं. हे सगळं हँक क्रॉफर्डसाठी लिहिलेलं. वादक जमले, पण हँक आलाच नाही. तो तिकडे मेम्फिसला अडकून पडला होता.

मग साथीला बोलावलेल्या सत्तावीस वर्षांच्या एका पोराला पुढे उभं केलं. हा पोरगा टेनर, म्हणजे ऑल्टोपेक्षा मोठा आणि खर्जातला सॅक्सोफोन वाजवणारा, फिलाडेल्फियात एका रेकॉर्ड वितरकाकडे नोकरी करणारा. ऑल्टो भाड्याने आणावा लागला. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालून तो उभा राहिला आणि ‘इनर सिटी ब्लूज’ ही रेकॉर्ड झाली. तो पोरगा म्हणजे ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर. पुढे १९७५ चं ‘मिस्टर मॅजिक’, १९८० चं ‘वाइनलाइट’, बिल विदर्सच्या आवाजातलं ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे सगळं त्या एका दिवसातून निघालं. आज ज्याला स्मूद जॅझ, म्हणजे मऊ, गुळगुळीत जॅझ म्हणतात त्याची वाटही बऱ्याच अंशी तिथूनच पडली.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. जागा खासगी आहे, आत जायची परवानगी आम्ही घेतलेली नव्हती, म्हणून पाऊल टाकलं नाही. पानं लाल-पिवळी झाली होती आणि फांद्यांतून छताचा एक तिरका तुकडा दिसत होता, तेवढाच. भाचा म्हणाला, “एवढंच बघायला आलो का गं?” मी त्याला म्हटलं, “हँक त्या दिवशी आला नाही, पण नंतर आला ना!” आलाच होता. ‘वाइल्डफ्लॉवर’ याच छताखाली झालं, संयोजन पुन्हा बॉब जेम्सचंच. पुढे ऐंशीच्या दशकात माइलस्टोन कंपनीसाठीही तो इथेच येऊन वाजवत राहिला. रूडी २०१६ मध्ये गेला, तोही याच वास्तूत. मी चपला काढल्या नाहीत, पण हात आपोआप जोडले गेले.

हँक क्रॉफर्डबद्दल मला जे वाटतं ते इथेच सांगते, कारण परतीच्या वाटेवर गाडीत मी भाच्याला हेच सांगत होते. १९३४ चा त्याचा जन्म, मेम्फिसचा. १९५८ च्या सुमारास तो रे चार्ल्सच्या बँडमध्ये गेला तो बॅरिटोन हा जाडजूड सॅक्सोफोन घेऊन. पुढे ऑल्टोवर आला, बँडचा संगीत दिग्दर्शक झाला, १९६३ पर्यंत राहिला. रे चार्ल्ससारख्या गायकाच्या पाठीशी पाच वर्षं काढल्यावर वाद्यात शब्द येणारच. त्याचा सूर सरळ जागेवर जाऊन बसत नाही. थोडा खालून येतो, मींड घेत वर चढतो, शेवटी किंचित फाटतो आणि त्या फाटण्यातच सगळी आर्तता असते. स्वर फार थोडे. आपल्याकडे म्हणतात ना, ठहराव असावा, तो यात आहे. सेंट लुइसमध्ये पोलिओतून उठलेल्या एका मुलाने लहान वयात रे चार्ल्सच्या बँडमध्ये हँकला वाजवताना ऐकलं आणि हाच आवाज आपला करायचा असं ठरवलं. तो डेव्हिड सॅनबॉर्न. आणि ऐंशीच्या दशकात रेडिओवर, जाहिरातीत, चित्रपटात जिथे जिथे ऑल्टो रडला तिथे तो सॅनबॉर्नसारखा रडला. म्हणजे मूळ पाझर हँकचाच.

आणि तरी जॅझवर लिहिणाऱ्यांनी त्याला फार सोपा म्हणून बाजूला ठेवलं, तर स्मूद जॅझच्या रेडिओ केंद्रांना तो फार खरखरीत वाटला असावा. त्या केंद्रांना गुळगुळीत हवं होतं. पुढे तीही एकेक करून बंद पडली, न्यूयॉर्कचं मोठं केंद्र २००८ मध्ये. हे संगीत लिफ्टमधलं, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतलं, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. पाट्या वाचून संगीत ऐकणाऱ्यांनी एकदा तरी हँकचा एक सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा.

शनिवारी फिलाडेल्फिया. भाच्याला सुट्टी होती, तो सोबत आला, पण मला मोटारीने नाही, आगगाडीनेच जायचं होतं. एडिसनहून ट्रेंटन, तिथे गाडी बदलून पुढे. ट्रेंटन सोडलं की डेलावेअर नदी लागते आणि शेजारच्या पुलावर मोठाल्या अक्षरांतली ती जुनी पाटी दिसते: ट्रेंटन बनवतं, जग घेतं. ताईने पोळी-भाजीचा डबा दिला होता. नदी ओलांडताना तो उघडला.

फिलाडेल्फियाच्या लोंबार्ड स्ट्रीटवर १४०९ क्रमांकाशी निळ्या रंगाची, पिवळ्या अक्षरांची एक सरकारी पाटी आहे. ती जॅझ गायिका बिली हॉलिडेची. इथे पूर्वी शोबोट नावाचा क्लब होता. त्याच जागी सत्तरच्या दशकात बिजू कॅफे आलं आणि १९७७ च्या मे महिन्यात ग्रोव्हरने तिथे वाजवलेलं ‘लाइव्ह अॅट द बिजू’ या नावाने निघालं. त्या रेकॉर्डवर श्रोत्यांचा आवाज ऐकू येतो, लोक मध्येच ओरडून दाद देतात, अगदी आपल्या मैफलीत ‘क्या बात है’ यावं तसं. स्टुडिओतला गुळगुळीत ग्रोव्हर ज्यांना माहीत आहे त्यांनी हा घामेजलेला ग्रोव्हर जरूर ऐकावा. आता तिथे क्लब नाही. फुटपाथवरून एक बाई कुत्र्याला फिरवत गेली, एक मुलगा सायकलवरून गेला. मी दहा मिनिटं उभी राहिले. ग्रोव्हर १९९९ च्या डिसेंबरात गेला, न्यूयॉर्कमध्ये टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी वाजवून झाल्यावर लगेच. छप्पन्न पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते.

मग साउथ स्ट्रीटच्या बाजूला जुन्या रेकॉर्डांचं एक दुकान शोधलं. पायऱ्या उतरून तळघरात जायचं. जुन्या पुठ्ठ्याचा वास, लाकडी खोके आणि खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डा. ग्रोव्हरला स्वतःचा कप्पा होता, नावाची पाटीसुद्धा होती. हँक मात्र ‘सी, इतर’ यात. ‘वाइल्डफ्लॉवर’ सापडेपर्यंत बोटं काळी झाली. दुकानदार साठीचे, कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांनी तबकडी बाहेर काढली, दोन्ही तळव्यांनी फक्त कडांना धरली आणि दिव्याखाली तिरकी केली.

“इथे बघा,” म्हणाले.

गाण्याच्या रेघा संपतात आणि मधला कागद सुरू होतो, त्या दोहोंमध्ये बोटभर गुळगुळीत काळी पट्टी असते. त्या पट्टीत, उजेड बरोबर कोनात पडला तरच दिसेल असा, धातूच्या ठशाने उमटलेला शिक्का होता: व्हॅन गेल्डर. रेकॉर्ड छापायची मूळ तबकडीही त्यानेच कोरल्याची ती खूण. कव्हर बदललं, कागद फाटला तरी ती जात नाही. मी बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. दोन दिवसांपूर्वी जे छत मला फांद्यांआडून दिसलं होतं, ते इथे या एवढ्याशा अक्षरांत होतं.

मी विचारलं, किती? जी रक्कम त्यांनी सांगितली त्यात आम्हा दोघांची कॉफी जेमतेम आली असती. मला वाईटच वाटलं. कापडी पिशवीत ताईचा रिकामा डबा होता तो भाच्याकडे दिला आणि पिशवीत रेकॉर्ड ठेवली. परतीच्या पूर्ण प्रवासात ती मांडीवर होती.

ताईकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. रविवारी संध्याकाळी भाच्याने मित्राकडून मागून आणला. ताई भाकरी थापत होती, ती पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. सुई खाली आली, बारीक करकर झाली. ड्रमवर इद्रिस मुहम्मद, ऑर्गनवर रिचर्ड टी, ही माझी आता ओळखीची माणसं. मग खालून, मींड घेत, हँकचा ऑल्टो आला.

“अगं, हे मामाच्या कॅसेटवरचं ना?” ताई म्हणाली.

मी मान हलवली, बोलवेना. बोटं नकळत टेप रेकॉर्डरच्या बटणाकडे जावीत तशी हलली, कारण ती जागा जवळ येत होती. ती जागा आली. खटका वाजला नाही. हँक वाजवतच होता.