नळी काढली तरी आलेख चढला

भोसरीच्या एमआयडीसीत मी हवेवर चालणारे क्लॅम्प बसवायचो. तिथे हवेचा दाब बारमध्ये मोजायचा आणि सहा बारच्या खाली कोणी बोलत नसे. पुढे एका मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागात टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मला २०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हवाय." हिशेब केला तर तो पाव बारच्या जरासा वर. मला हसूच आलं. खरी मेख पुढे होती. कोपराखाली गुंडाळलेला पट्टा अर्ध्या सेकंदाच्या आत भरायला हवा, सेकंदभर आवळून राहायला हवा आणि तितक्याच झटक्यात रिकामा व्हायला हवा. बीपीच्या रबरी फुग्याने हे जमत नाही. दाबलेल्या हवेची टाकी, रेग्युलेटर, जाड नळी आणि मोठ्या भोकाचा सोलेनॉइड (विजेवर झटक्यात उघडणारा) व्हॉल्व्ह असा सगळा सरंजाम लागतो. सायलेन्सर लावला की हवा सावकाश सुटते, म्हणून तो लावलाच नव्हता. पट्टा उतरताना असा फटाका वाजायचा की शेजारच्या खोलीतले डोकावून जात.

मॅडमचा प्रश्न तसा जुना. स्नायू आवळला की लगेच, एक-दोन ठोक्यांतच, त्यात जास्त रक्त येऊ लागतं. ते का? एक उत्तर असं, की आवळल्यामुळे शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. शिरांना झडपा असल्यामुळे ते मागे येत नाही, शिरांतला दाब उतरतो आणि धमनीकडून रक्ताला वाट सोपी होते. दुसरं उत्तर असं, की बारीक धमन्या नुसत्या दाबल्या गेल्यामुळेच सैल पडतात. दोन्ही वेगळी करायची युक्ती मला फार आवडली. हात डोक्याच्या वर धरून बघा, मनगटामागच्या फुगलेल्या शिरा दिसेनाशा होतात. मुळातच रिकाम्या शिरांतून पिळून काय काढणार? म्हणजे हात वर असतानाही पट्टा आवळल्यावर प्रवाह वाढला, तर दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे.

त्या दिवशी पहिल्या वर्षाचा एक कबड्डी खेळणारा मुलगा आला होता. रीसर्च करणाऱ्या डॉक्टर दंडातल्या धमनीवर डॉप्लरचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी रक्ताचा वेग मोजणारा, प्रोब धरून बसल्या. हात खाली ठेवून पट्टा आवळला, प्रवाह वाढला. हात वर बांधला, तरी वाढला. सगळे खूश.

भोसरीची माझी एक सवय आहे. सेन्सर हवं तेच दाखवायला लागला की आधी हवा तोडून बघायची. मी पट्ट्याची नळी काढली आणि व्हॉल्व्ह उडवला. फाट्! पट्टा हललाही नाही, आलेख मात्र चढला.

"प्रोब सरकला असेल," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा केलं, पुन्हा चढला. मॅडमनी ईसीजीकडे बोट दाखवलं. ठोके जवळजवळ आले होते.

"अरे, तू दचकतोयस."

"नाही मॅडम, मी कशाला घाबरतोय!" पठ्ठ्या शेवटपर्यंत कबूल झाला नाही.

मनावर ताण आला की कोपराखालच्या स्नायूंतला रक्तप्रवाह वाढतो, हे बेलफास्टच्या संशोधकांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलंय, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे आम्ही मोजत होतो त्यात थोडा स्नायू होता आणि थोडी धास्ती. फरक वेळेत होता. आवळण्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांत सुरू होतो आणि थोड्याच सेकंदांत ओसरतो. दचकण्याचा परिणाम जरा उशिरा येऊन रेंगाळतो. पण एकावर एक चढले की वेगळे काढणं कठीण.

मग माझं काम वाढलं. टाकी आणि कॉम्प्रेसर बाहेर पॅसेजमध्ये नेले. व्हॉल्व्हही नेला असता, पण नळी लांबली की पट्टा भरायला उशीर. म्हणून व्हॉल्व्ह तिथेच ठेवून त्यावर आत फोम लावलेली लाकडी पेटी बसवली. मुलाच्या कानांवर हेडफोन, त्यात नुसती एकसुरी खरखर. गाणं लावा म्हणत होता, मॅडमनी साफ नकार दिला. वर नळी काढलेलीच ठेवून व्हॉल्व्ह उडवत राहिलो, आलेख सपाट होईपर्यंत. बऱ्याच वेळाने तो कंटाळला आणि मगच उपयोगाचा झाला.

नळी जोडली. हात वर, पट्टा आवळला, सुटला. दुसऱ्याच ठोक्याला प्रवाह वाढला. हात खाली असतानाच्या मानाने कमी, पण वाढला. ठोक्यांची चाल तशीच होती. दुसऱ्या हाताचा पट्टा आवळून पाहिला, तर या हातात काहीच नाही. आता मात्र मलाही पटलं. रिकाम्या शिरांच्या हातातही नुसत्या दाबण्याने धमन्या सैल होत होत्या.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "आता मांडीसाठी करा." मांडीच्या पट्ट्याला हवा कितीतरी जास्त लागते. ही टाकी पुरणार नाही आणि मोठ्या टाकीच्या खरेदीला अकाउंट्सवाले तीन कोटेशनं मागणार. ती गोळा करायला मी दुसऱ्या दिवशी भोसरीला गेलो.