वेबसाइटचं बिऱ्हाड हलवताना

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या नोंदी ठेवणारी माझी वर्डप्रेसवरची साइट 2006 सालची. जुन्या होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्यांनी, यंदा नूतनीकरणाचा आकडा असा काही फुगवला की हलायचं ठरवलंच. नवा सर्व्हर महाप्याला, म्हणजे ऐरोलीहून रिक्षाच्या अंतरावर. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मात्र होतं तिथेच ठेवलं. होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही, पण विक्रीवाले हे आपणहून सांगत नाहीत.

फायली सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानातून, झिप करून मुकाट आल्या. घाम काढला तो डेटाबेसने, कारण साइटचा मजकूर त्यात असतो. नव्या जागी पान उघडलं तर मराठी गायब! प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याला चिकटून चार काड्या फुटलेलं वर्तुळ आणि पुढे आणखी काहीतरी भलतंच. यूटीएफ-8मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. माझ्या डेटाबेसातल्या जुन्या टेबलांवर पाटी होती लॅटिन-1ची, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट धरणाऱ्या रोमन पद्धतीची. मजकूर शाबूत होता, वाचला चुकीचा जात होता. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनचा (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) नाद सोडला. एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरला थेट आज्ञा देऊन, मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची नक्कल) लॅटिन-1 म्हणूनच काढला, त्या फाइलीत पाटी बदलून यूटीएफ8एमबी4 (डेटाबेसातलं पूर्ण यूटीएफ-8) केली आणि नव्या डेटाबेसात चढवली. जोडाक्षरांसकट सगळं जागेवर!

आता डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवायचं होतं. "मामा, नेमसर्व्हरच बदलून टाक ना, एका फटक्यात होईल," भाचा म्हणाला. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर. होईल खरं, पण मेलच्या एमएक्स नोंदी (पत्रं कुठल्या सर्व्हरवर जायची ते सांगणाऱ्या) नव्या जागी नसतील तर येणारी पत्रं बोंबलतात. डीएनएस, म्हणजे या नोंदींची यादी, माझं डोमेनवाल्यांकडेच आहे, त्यामुळे तिथेच टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) 86400 सेकंदांवरून, म्हणजे अख्ख्या दिवसावरून, आदल्या दिवशी 300वर आणलं. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत नवा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, लिहून साइट एकट्यानेच तपासली, मग ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपी सांगणारी नोंद, बदलला. लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट लगेच मिळालं. मेलपेटी आयमॅपने (सर्व्हरवरची पत्रं हाताळायची पद्धत) उचलली आणि एमएक्स सगळ्यात शेवटी फिरवला.

जुनं खातं मुद्दाम महिनाभर चालू ठेवलं, कारण काही सर्व्हर जुना पत्ता धरून बसतात. झालंही तसंच. एमएक्स फिरवल्यावरही वाशीच्या एका वाचकाचं पत्र जुन्याच पेटीत पडलं: फोटोतला फ्लेमिंगो लेसर (छोट्या जातीचा) नसून ग्रेटर (मोठ्या जातीचा) आहे, म्हणे. फोटो मोठा करून चोच पुन्हा पाहिली. गडद लालच आहे, लेसरच तो.