पावसात वाजणारं लॉक

जुलैतली सकाळ. मालवणात रात्रभर कोसळून नुकतीच उघडीप मिळाली होती. माझं शटर पूर्ण वर जायच्या आत तात्या गाडी घेऊन हजर. चिवल्याच्या बाजूला त्यांच्या पर्यटकांच्या खोल्या. गाडी माडाखाली उघड्यावरच असते.

"मेल्या, रात्री गाडी आपसूक खटाखट वाजता. लॉक उघडतत, परत पडतत. राखणदाराक नारळ पण ठेवलंय."

नारळाआधी रिमोटमध्ये नवा सेल घालून झाला होता. लॉक बिघडलं की सगळे आधी रिमोटलाच धरतात. मी दोन्ही रिमोटांचे सेल काढून टेबलावर ठेवले. बटण दाबलं की साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर एक कोड हवेत जातो. चांगल्या रिमोटमध्ये तो दरवेळी बदलतो, म्हणून कुणी चोरून पकडला तरी पुन्हा चालत नाही. पण ३ व्होल्टचा सेलच नाही तर रिमोट पाठवणार काय? तरी दहा मिनिटांत गाडीने 'खट्' केलं. पुढचा नारळ मी ठेवायचा, अशा नजरेने तात्या बघायला लागले.

"पाऊस नसलो की?"

"नाय बा. पावसातच."

निम्मं काम तिथेच झालं.

या गाडीचं सेंट्रल लॉकिंग मागाहून बसवलेलं. प्रत्येक दारात १२ व्होल्टची इवलीशी मोटर; करंट एका दिशेने दिला की सळी लॉक ओढते, उलटा दिला की सोडते. तीन दारांना दोन-दोन वायरी, ड्रायव्हरच्या दाराला पाच. जादा तीन त्यातल्या स्विचच्या. 'लॉक केलं', 'उघडलं' हा निरोप त्या डॅशबोर्डमागच्या कंट्रोलच्या डब्याला देतात, मग डबा बाकीची दारं हलवतो. आणि या किटमध्ये निरोप म्हणजे काय, तर वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, लागणं. ती स्विचने लागली की उघडी पडून लागली, डब्याला काय कळणार?

ड्रायव्हर बाजूचा कनेक्टर काढला. गाडी गप्प.

दार आणि खांबाच्या मध्ये वायरींवर रबरी बूट असतो. दार उघडताना दरवेळी वायरी तिथेच वाकतात. हा बूट फाटून आत पाणी साचलेलं, वायरींची कातडी तडकलेली, तांब्याचा हिरवा भुगा. समुद्राकाठच्या गाड्यांत हे मी इतकं बघितलंय की आता आधी बूटच चाचपतो. त्या दिवशी मात्र रिमोटात वेळ घालवला, हे कबूल.

"टेप मार नि सोड," तात्या म्हणाले. टेपचा गोंद एका पावसात सुटतो. पाचही वायरींचे तुकडे बदलले, सोल्डर केलं, स्लीव्ह घातली, बूट नवा. जोडणीपेक्षा बुटातून वायरी ओवण्यातच जास्त वेळ आणि बोटांची सालं गेली.

"एवढ्याशा वायरीचे एवढे?" म्हणत पन्नास कमी देऊन तात्या गेले.

पुढच्या चारही रात्री पाऊस झाला. पाचव्या दिवशी फोन.

"गाडी गप आसा रे. पण आता वायपर चलनत नाय."