मुंबई ते कामशेत: ट्रॅकर चालू होता, तरी दोन तास मी सापडलो नाही

डिसेंबरातला शनिवार. पहाटेच्या इंद्रायणीने लोणावळा, तिथून पुणे लोकलने कामशेत. पॅराग्लायडिंगची पंधरा-सोळा किलोची बॅग असेल तर गाडी दादरला पकडू नका, सीएसएमटीलाच चढा. दादरला ती बॅग घेऊन डब्यात शिरताच येत नाही.

दुपारी टॉवर हिलवरून टेकऑफ घेतला. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, चांगला होता. गोल फिरत चढत गेलो आणि वाऱ्याबरोबर डोंगराच्या मागे सरकत गेलो, ते लक्षात आलं तेव्हा परत पुढे यायला उंची पुरेना. डोंगराच्या आड वारा गिरक्या घेतो, विंग, म्हणजे डोक्यावरचं कापडी पंख, धडधडायला लागली. घळीतल्या करवंदीच्या जाळीशेजारी उतरलो आणि डावा घोटा मुरगळला.

फोनवर लाइव्ह ट्रॅकिंग चालू होतं, त्यामुळे मी निवांत होतो. मग पाहिलं, तर रेंजची एकही दांडी नाही. वर हवेत नेटवर्क होतं, खाली घळीत नाही. म्हणजे मित्रांना दिसणारा माझा शेवटचा ठिपका डोंगरमाथ्यावर! ते माथ्यावरच्या झाडीत हाका मारत होते, मी पलीकडे खूप खाली.

शेळ्या घेऊन एक मुलगा आला. "दादा, हितं फोन लागायचा न्हाई. वर वडापाशी लागतो." फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं. स्क्रीनवरचे अक्षांश-रेखांश मी लोकलच्या तिकिटाच्या मागे पेनाने लिहिले, खाली मित्राचा नंबर. मुलाने वडापाशी जाऊन आपल्या फोनवरून त्याला एकेक आकडा वाचून दाखवला. दशांशानंतर चार आकडे दिले तरी जागा दहा-बारा मीटरच्या आत कळते. पेन मी आता हार्नेसच्या खिशातच ठेवतो.

पुढच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने तीन 'जीपीएस ट्रॅकर' काढून ठेवले. एकाचं झाकण उघडलं, आत सिमची खाच. तिन्ही तसेच. ट्रॅकर बघायला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: सिम लागतं का? लागत असेल तर जिथे तुमचा फोन मुका होतो, तिथे तोही मुकाच.

परदेशातला एक मित्र गार्मिनचं इनरीच, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं उपकरण, आणून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. ते इरिडियम उपग्रहांवर चालतं आणि भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. विमानतळावर अशा उपकरणांवरून लोकांना अडवलं आहे, ताब्यातही घेतलं आहे. हिमाचलातल्या बीर इथे उडायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही हे आधीच सांगा.

माझं मन पीएलबीवर, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकनवर आहे. हा खिशात मावणारा बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पस-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना इशारा पाठवतो आणि किमान २४ तास बोलत राहतो. त्याला सिम लागत नाही, वर्गणीही नाही. जवळ आलेल्या शोधपथकासाठी १२१.५ मेगाहर्ट्झचा सिग्नल वेगळा. भारतातला इशारा बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या केंद्रात पोचतो, म्हणून बीकनची नोंदणी तिथेच करायची. परदेशातून घेतलेल्यात त्या देशाचा कोड असतो, तो बदलून भारताचा ४१९ घालून घ्यावा लागतो. आयात आणि वायरलेस परवान्याबद्दल दूरसंचार विभागाकडून आधी लेखी उत्तर घ्या. मी विचारलं आहे, ते येईपर्यंत पैसे भरणार नाही.

बीकन बॅगेत ठेवू नका. छातीच्या पट्ट्यावर, कुठल्याही एका हाताने काढता येईल असा हवा. हात मोडला तर कुठल्या हाताने काढणार? सेलप्लेन, म्हणजे ग्लायडर विमान उडवणाऱ्यांनी तो पॅराशूटच्या पट्ट्याला लावावा, कारण उडी मारल्यावर कॉकपिट सोबत येत नाही.

तोवर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, पॉवर बँक आणि शिट्टी. शिवाय मुलुंडच्या वहिनी. पाच वाजेपर्यंत माझा मेसेज आला नाही तर त्या आधी मला, मग लँडिंगवरच्या मित्रांना फोन करणार, साडेपाचला ११२. ट्रॅकरची लिंक आणि माझा रक्तगट त्यांच्याकडे लिहून दिला आहे.

गेल्या रविवारी पाच वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. "भावोजी, मेसेज कुठाय?" मी लँडिंगवर विंग घडी करत होतो.