दहा टक्के कापून घेणारा संत

आज दिवसभर डोक्यात सायमन टेम्पलर. लेस्ली चार्टरिस या लेखकाच्या कादंबऱ्यांचा हा नायक, टोपणनाव 'सेंट' म्हणजे संत, १९२८ सालचा. भामट्यांना लुबाडायचं, नाडलेल्यांना त्यांचे पैसे परत द्यायचे आणि आपले दहा टक्के कापून घ्यायचे, हा त्याचा धंदा. मला तो आवडतो तो या दहा टक्क्यांमुळेच. नुसताच परोपकारी असता तर चार पानांत कंटाळले असते. खूण म्हणून डोक्यावर वलय असलेल्या काड्यांच्या माणसाचं चित्र मागे सोडतो, आणि इन्स्पेक्टर टील बिचारे च्युइंग गम चघळत पुरावा शोधत बसतात. आपल्या रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड याच गोत्रातला.

तर दुपारी शेजारच्या काकूंबरोबर एका पतसंस्थेत गेले होते. ठेवीची मुदत कधीच संपलीय. काकूंनी पावत्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणलेल्या. काउंटरवरच्या मुलाने रबर काढूसुद्धा दिलं नाही. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या."

रिक्षात काकूंना टेम्पलरची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "दहाच? वीस घे म्हणावं, पण आण!"

खरं सांगू? असा माणूस खरोखर आमच्या गल्लीत आला तर मी आधी दाराला कडी घालीन. कादंबरीत चोर कोण हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं. इथे त्याने भलत्यालाच धरलं तर दाद कुठे मागायची?

सोमवारी लेखी अर्ज घेऊन जातोय. पोच मिळाल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, असं काकूंनीच ठरवलंय.